वय सत्तावीस, पद राष्ट्राध्यक्षाचं

२०१२ साली कॅलिफोर्नियात ५ जूनला प्रायमरी व्हायची होती. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणारी निवडणूक. तीही तिथे सरकारच घेतं, सरकारी मतपत्रिकेवर. पीस अँड फ्रीडम पार्टी नावाच्या एका छोट्या डाव्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी जी नावं पुढे आली, त्यांत पेटा लिंडसे हे एक होतं. वय २७. अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्षासाठी किमान वय ३५ आहे.

लिंडसे यांनी वय लपवलं नव्हतं. उलट ते त्यांच्या प्रचाराचाच भाग होतं. युद्ध, बेकारी, शिक्षणाचं कर्ज हे सगळं ज्या पिढीच्या माथी येतं तिला या पदापासून वयाच्या अटीनं दूर ठेवलं जातं, असं त्यांचं म्हणणं. २० जानेवारी २०१३ ला, म्हणजे शपथविधीच्या दिवशी, त्या २८ वर्षांच्या असणार होत्या. निवडून आल्या असत्या तर चार वर्षांची मुदत संपतानाही त्या ३२ च्याच झाल्या असत्या. कुठूनही हिशेब मांडला तरी ३५ येत नव्हते.

निर्णय घ्यायचा होता डेब्रा बोवेन यांना. त्या कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट. या पदनामानं आपला गोंधळ होतो, कारण वॉशिंग्टनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री. राज्यात मात्र हे पद वेगळंच आहे. कंपन्यांची नोंदणी, सरकारी दफ्तर आणि मुख्य म्हणजे निवडणुका, असा त्याचा कारभार. बोवेन स्वतः निवडून आलेल्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या. त्यांनी लिंडसे यांचं नाव मतपत्रिकेवर घ्यायला नकार दिला.

सत्तावीस वर्षांच्या व्यक्तीला राष्ट्राध्यक्ष होता येत नाही, मग नाव कशाला छापायचं, असं कुणीही म्हणेल. पण याच बोवेन काही वर्षांपूर्वी न्यायालयात उभ्या राहिल्या होत्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची पात्रता तपासणं हे माझं काम नाही, अशी त्यांची बाजू होती. ती न्यायालयानं उचलूनही धरली होती. लिंडसे प्रकरण समजून घ्यायचं तर हा विरोधाभास आधी सोडवायला हवा.

छाननी नावाची गोष्टच नाही

आपल्या डोक्यात निवडणूक म्हटली की एक ठरलेला क्रम असतो: अर्ज भरणे, छाननी, माघार, चिन्हवाटप. ग्रामपंचायतीच्या सदस्याचाही अर्ज छाननीत उडतो. राष्ट्रपतीपदालाही हेच लागू आहे. १९५२ च्या कायद्यानुसार निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज तपासतो, आक्षेप ऐकतो आणि निकाल देतो. तो पटला नाही तर निवडणूक झाल्यावर थेट सर्वोच्च न्यायालय. २०१२ सालीच पी. ए. संगमा यांनी प्रणव मुखर्जींच्या अर्जावर लाभाच्या पदाचा आक्षेप घेतला होता. मुखर्जी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष आहेत, असा मुद्दा होता. अधिकाऱ्यानं तो फेटाळला, मतदान झालं, मुखर्जी निवडून आले, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी याचिका पूर्ण सुनावणीआधीच निकाली काढली. तो निकाल पटो न पटो, प्रश्न कुणाच्या टेबलावर जायचा याबद्दल वाद नव्हता.

अमेरिकेत ते टेबलच सापडत नाही.

घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात तीन अटी आहेत: जन्मतः नागरिक, वय ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. अटी कुणी तपासायच्या, केव्हा, कोणती कागदपत्रं घेऊन, यावर त्यात अवाक्षर नाही. संसदेच्या सदस्यांबाबत तशी सोय आहे. आपल्या सदस्यांच्या पात्रतेचा न्याय प्रत्येक सभागृहानं स्वतः करायचा, असं घटनेत लिहिलेलं आहे. (तरीही हेन्री क्ले १८०६ साली २९ व्या वर्षी सिनेटमध्ये बसले आणि जॉन ईटन १८१८ साली २८ व्या वर्षी, किमान वय ३० असताना. कुणी विचारलंच नाही.) राष्ट्राध्यक्षाबाबत तेवढीही सोय नाही.

फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण नाव ऐकून शेषन यांचं निर्वाचन सदन डोळ्यांसमोर आणू नये. ती प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघते. गयानात जन्मलेले आणि नंतर अमेरिकी नागरिक झालेले न्यूयॉर्कचे वकील अब्दुल करीम हसन यांनी २०११ मध्ये या आयोगाला विचारलं, की मी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून उभा राहू शकतो का? आयोगाचं उत्तर असं, की उमेदवार म्हणून नोंदणी करा, निधी गोळा करा, हिशेब द्या. फक्त सरकारी जोडनिधी (जमवलेल्या देणग्यांच्या जोडीला सरकार देतं तो पैसा) तुम्हाला मिळणार नाही, कारण तुम्ही जन्मतः नागरिक नाही. पदासाठी अपात्र माणूस आयोगाच्या वहीत मात्र रीतसर उमेदवार असू शकतो.

याचं कारण अमेरिकी निवडणुकीच्या घडणीत आहे. मतदार थेट राष्ट्राध्यक्षाला मत देतच नाही. तो आपल्या राज्यातले इलेक्टर निवडतो. देशभरात ते ५३८. त्यांतले ५५ तेव्हा एकट्या कॅलिफोर्नियाचे. हे इलेक्टर कसे नेमायचे ते त्या त्या राज्याच्या विधिमंडळानं ठरवायचं. डिसेंबरमध्ये इलेक्टर मतं देतात, ६ जानेवारीला संसद ती मोजते. म्हणजे पक्ष, राज्याचा निवडणूक अधिकारी, इलेक्टर, संसद आणि न्यायालय अशी पाच दारं. प्रत्येक दारावरचा पहारेकरी पुढच्या दाराकडे बोट दाखवतो.

२००८ चं ओझं

बोवेन यांच्या कार्यालयाला या पाच दारांचा अनुभव २००८ मध्येच आला होता, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

आधी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन. त्यांचा जन्म १९३६ चा, पनामा कालव्याच्या पट्ट्यातल्या अमेरिकी नौदलाच्या तळावर. वडील नौदलात. मॅकेन 'जन्मतः नागरिक' ठरतात का, यावर कायदेपंडितांत खरोखरच मतभेद होते. सिनेटनं एप्रिल २००८ मध्ये ते पात्र आहेत असा ठराव एकमतानं केला, पण अशा ठरावाला कायद्याचं बळ नसतं. कॅलिफोर्नियात एकानं बोवेन आणि मॅकेन यांच्याविरुद्ध दावा लावला, की हे नाव मतपत्रिकेवरून काढा. संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी सप्टेंबरमध्ये तो फेटाळला. हा विषय आधी इलेक्टर आणि संसद यांच्यासमोर जाऊ द्या, न्यायालयानं बघायचाच झाला तर त्यानंतर, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा. त्यांचा जन्म हवाईचा, १९६१ चा. तिथल्या आरोग्य खात्याची नोंद आहे, पण 'केनियात जन्मले' या अफवेला पाय फुटले ते फुटलेच. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकन इंडिपेंडंट पार्टीचे उमेदवार अ‍ॅलन कीज आणि त्यांचे सहकारी राज्याच्या न्यायालयात गेले. ओबामांची पात्रता बोवेन यांनी तपासायलाच हवी होती, ते त्यांचं कर्तव्य होतं, अशी मागणी होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं कीज यांच्या विरोधात निकाल दिला. तर्क साधा होता. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्ष आपल्या उमेदवाराचं नाव कळवतो आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटनं ते मतपत्रिकेवर घ्यायचं असतं. निवडणूक कायद्यातला शब्द आज्ञार्थी आहे. चौकशी करून मग घ्या, असं त्यात नाही. पन्नास राज्यांचे पन्नास अधिकारी आपापल्या बुद्धीनं पात्रता ठरवू लागले तर गोंधळ माजेल. तेव्हा तपासणी पक्षांवर सोडलेली बरी. अपात्र माणूस उभा केला तर संसदेत आक्षेप येऊन सगळाच डाव उधळेल, ही भीती पक्षाला असतेच.

गंमत अशी, की कीज यांनी दाखला दिला होता तो याच पीस अँड फ्रीडम पार्टीचा. हा पक्ष १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातून उभा राहिला. १९६८ साली त्यानं राष्ट्राध्यक्षपदासाठी ब्लॅक पँथर चळवळीतले एल्ड्रिज क्लीव्हर यांना उभं केलं. क्लीव्हर यांचा जन्म ऑगस्ट १९३५ चा, म्हणजे वय ३३. तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट फ्रँक जॉर्डन यांनी त्यांचं नाव मतपत्रिकेवर येऊ दिलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं, पण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं आणि पाठोपाठ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही दाद दिली नाही. मग १९८४ मध्ये लॅरी होम्स. तेही पस्तिशीच्या आत, त्यांचंही नाव वगळलं गेलं. क्लीव्हर आणि होम्स यांचं वय तुम्ही बघितलंत, मग ओबामांचा जन्मदाखला का बघत नाही, हा कीज यांचा सवाल होता.

न्यायालयाचं उत्तर माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. आधीच्या अधिकाऱ्यांनी निर्विवादपणे अपात्र असलेल्यांना वगळलं, एवढ्यावरून प्रत्येक उमेदवाराची चौकशी करून पात्रता ठरवण्याचं कर्तव्य त्यांच्यावर येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. वगळलं तर चालतं, पण तपासायची सक्ती नाही.

'निर्विवाद' हा शब्द लक्षात ठेवा. तो पुन्हा येणार आहे.

पक्षाच्या बाजूनं विचार केला तर

आता २०१२ मध्ये बोवेन यांच्या खुर्चीत बसून बघा. सार्वत्रिक निवडणुकीत पक्ष नाव पाठवतो आणि अधिकारी छापतो. प्रायमरीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे कायदा सांगतो, की या पक्षाकडून उमेदवारीसाठी गांभीर्यानं प्रयत्न करणारी व्यक्ती म्हणून देशात किंवा राज्यात जिची ओळख आहे, असं सेक्रेटरी ऑफ स्टेटला वाटेल, तिचं नाव मतपत्रिकेवर घ्यावं. थोडक्यात, ओळख आहे का ते बघा. वयाचा, जन्माचा, वास्तव्याचा उल्लेख या कलमात नाही.

लिंडसे यांची ओळख होती. पार्टी फॉर सोशॅलिझम अँड लिबरेशन या संघटनेच्या त्या अधिकृत उमेदवार होत्या, देशभर फिरत होत्या. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभे असलेले यारी ओसोरियो यांचा जन्म कोलंबियातला, म्हणजे तेही या पदाला अपात्र. उपाध्यक्षाला राष्ट्राध्यक्षाच्याच अटी लागू होतात. हे चुकून झालेलं नव्हतं. ठरवून केलेलं राजकारण होतं. स्थलांतरितांना आणि तरुणांना बाहेर ठेवणाऱ्या अटींकडे बोट दाखवण्यासाठी उभी केलेली ही जोडी होती.

तेव्हा पक्षाचा सवाल असा होता: कायद्यानं तुम्हाला फक्त ओळख बघायला सांगितलं आहे. २०१० मध्ये तुम्हीच म्हणालात की पात्रता बघणं हे आमचं काम नाही. ओबामांबद्दल इतका गदारोळ झाला, मॅकेन यांच्याबद्दल झाला, दोघांचीही नावं तुम्ही मुकाट्यानं छापलीत. मग आमच्याच उमेदवाराच्या वेळी घटना कशी आठवली?

सवाल चोख आहे. मला तो पहिल्यांदा वाचला तेव्हा बिनतोड वाटला होता.

लिंडसे, पक्ष आणि एक मतदार असे तिघं मिळून संघराज्याच्या न्यायालयात गेले. त्यांचे मुद्दे तीन होते. पहिला, अभिव्यक्ती आणि संघटना स्वातंत्र्याचा. मतपत्रिकेवर नाव असणं हा राजकीय बोलण्याचाच प्रकार आहे. दुसरा समान वागणुकीचा, जो वर आलाच. तिसरा विसाव्या घटनादुरुस्तीचा, आणि तो सर्वांत रंजक होता.

१९३३ च्या या दुरुस्तीत म्हटलं आहे, की निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष पदग्रहणाच्या वेळी पात्र नसेल, तर तो पात्र होईपर्यंत निवडून आलेल्या उपाध्यक्षानं काम बघावं. दोघंही पात्र नसतील तर काय करायचं ते संसदेनं कायद्यानं ठरवावं. लिंडसे यांचे वकील म्हणाले, की अपात्र माणूस निवडून येऊ शकतो हे घटनेनंच गृहीत धरलं आहे! आणि पुढची सोय लावायचं काम संसदेला दिलं आहे. मग मतदानाच्याही आधी एका राज्याचा अधिकारी मध्ये येणारा कोण?

या युक्तिवादाला इतिहासाचा थोडा टेकूही आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे रश होल्ट १९३४ मध्ये सिनेटवर निवडून आले तेव्हा २९ वर्षांचे होते. तीस पूर्ण होईपर्यंत थांबले आणि जून १९३५ मध्ये शपथ घेतली. जो बायडेन नोव्हेंबर १९७२ मध्ये निवडून आले तेव्हा एकोणतीसच होते, पण त्याच महिन्यात तीस पूर्ण झाले. वयाची अट पदावर बसण्याची आहे, निवडणूक लढवण्याची नाही, असा याचा अर्थ निघतो. अडचण एवढीच की होल्ट काही महिने थांबले होते. लिंडसे यांना पूर्ण मुदत संपेपर्यंत थांबूनही भागणार नव्हतं.

खालच्या न्यायालयानं दावा फेटाळला. प्रकरण नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात गेलं. सर्किट म्हणजे काही राज्यं मिळून केलेला संघराज्याच्या न्यायालयांचा विभाग. ६ मे २०१४ ला, म्हणजे प्रायमरी होऊन दोन वर्षं उलटल्यावर, मुख्य न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी निकालपत्र लिहिलं. निवडणूक संपली म्हणून प्रकरण निकालात निघालं असं न्यायालयानं मानलं नाही. असा प्रसंग पुन्हा येऊ शकतो आणि दर वेळी निवडणूक न्यायालयाच्या आधीच उरकते, म्हणून निर्णय दिला.

पहिला मुद्दा न्यायालयानं फार वेळ न घालवता निकाली काढला. वयाची अट सगळ्यांना सारखी आहे, ती कुणाच्या मताविरुद्ध नाही. वय कबूल असतानाही नाव छापायचं म्हटलं, तर वय, नागरिकत्व काहीही असो, वाटेल त्याला मतपत्रिकेवर गर्दी करून मतदाराचा गोंधळ उडवण्याचा हक्क मिळेल. अभिव्यक्ती स्वातंत्र्यातून असला विचित्र निष्कर्ष निघत नाही, अशा अर्थाचं कोझिन्स्की यांनी लिहिलं.

विसाव्या दुरुस्तीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की संसदेला एक अधिकार मिळाला म्हणून तो एकट्या संसदेचाच झाला, असं त्या मजकुरात कुठेही नाही. निवडणूक झाल्यावर घोळ झाला तर तो कसा निस्तरायचा, एवढंच त्यात आहे.

आणि समान वागणूक? इथे तो शब्द परत आला. जे निर्विवादपणे अपात्र आहेत त्यांना वगळणं आणि ज्यांच्या पात्रतेच्या दाव्यात वरवर पाहता तरी तथ्य दिसतं त्यांना ठेवणं, यात भेदभाव नाही. लिंडसे पहिल्या गटात. ओबामा, मॅकेन दुसऱ्या.

निर्विवाद ठरवायचं कुणी

निकाल बरोबर आहे, असं माझं मत आहे. मतपत्रिका ही सरकारनं मतदाराला विचारलेली गोष्ट आहे, आणि ज्याचं उत्तर उपयोगी पडणारच नाही असा पर्याय त्यात ठेवणं ही मतदाराची फसवणूक आहे. आधी बिनतोड वाटलेला पक्षाचा सवाल त्या एका शब्दापाशी अडतो.

पण त्या शब्दाचा पाया बघितला की अस्वस्थ व्हायला होतं. लिंडसे यांची अपात्रता निर्विवाद का ठरली? कारण त्यांनी स्वतः ती सांगितली. कुणी दप्तर उघडून तपासलं म्हणून नव्हे. २०१२ च्या या व्यवस्थेत जो आपणहून कबूल करतो तो अडकतो. जो गप्प बसतो किंवा वाद घालतो, त्याच्या बाबतीत 'तपासणं आमचं काम नाही' हे उत्तर तयार असतं. चोरानं स्वतः चौकीत येऊन सांगितलं तरच गुन्हा नोंदवायचा, असा हा कारभार झाला. (लिंडसे चोर नव्हेत, उपमेबद्दल क्षमस्व.)

दुसरं म्हणजे राज्याची हद्द. कॅलिफोर्नियात नाव वगळलं गेलं, तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये इतर डझनभर राज्यांत लिंडसे यांच्या पक्षाचं नाव मतपत्रिकेवर होतंच. ही काही नवी गोष्ट नाही. सोशॅलिस्ट वर्कर्स पार्टीच्या लिंडा जेनेस १९७२ मध्ये ३१ वर्षांच्या होत्या. अनेक राज्यांनी त्यांचं नाव छापलं आणि काहींनी नाकारल्यावर तिथे पक्षानं एव्हलिन रीड यांना पुढे केलं. याच पक्षाचे रोहेर कालेरो यांचा जन्म निकाराग्वाचा, आणि ते अमेरिकी नागरिकही नव्हते, ग्रीन कार्डवर होते. तरी २००४ आणि २००८ मध्ये काही राज्यांत तेच उमेदवार, आणि जिथे हरकत आली तिथे बदली उमेदवार. २००८ मध्ये न्यू जर्सीच्या मतपत्रिकेवर ओबामा, मॅकेन आणि कालेरो ही तिन्ही नावं एकत्र होती. ज्यांच्यावरून देशभर दावे गुदरले गेले ते दोघं आणि ज्याच्या अपात्रतेत शंकाच नव्हती तो तिसरा. दुर्लक्ष झालं ते नेमकं तिसऱ्याकडे, कारण तो निवडून येण्याची भीती कुणालाच नव्हती.

तपासायचं मनावर घेणारा अधिकारीही एक निघाला. अ‍ॅरिझोनाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट केन बेनेट यांनी २०१२ च्या वसंतात हवाई राज्याला पत्र लिहून ओबामांच्या जन्माची खातरजमा मागितली. ओबामांनी एप्रिल २०११ मध्ये सविस्तर जन्मदाखला जाहीर केल्यालाही तोवर वर्ष झालं होतं. हवाईनं मे महिन्यात खातरजमा कळवली, नाव मतपत्रिकेवर आलं. बेनेट यांच्या वाट्याला मात्र टीकाच आली, कारण ते ओबामांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांच्या अ‍ॅरिझोनातल्या प्रचार समितीचे सहअध्यक्षही होते. राज्याची शोभा झाली असेल तर माफी मागतो, असं त्यांना म्हणावं लागलं. एक पत्र, एक उत्तर, विषय मिटला: तांत्रिकदृष्ट्या काम एवढंच असतं. पण ते करणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे आणि एकाच उमेदवाराचं का करतो आहे, हे लगेच विचारलं जातं. कीज प्रकरणातल्या न्यायाधीशांना पन्नास अधिकाऱ्यांची जी भीती वाटत होती ती पोकळ नव्हती.

अमेरिकेतल्या मराठी घरांतही हा विषय अधूनमधून निघतो, श्री ठाणेदार यांच्यामुळे. बेळगावकडचे, मराठी बोलणारे ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेले. तिथे सात वर्षांचं नागरिकत्व पुरतं. जन्म इथला असल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाचं दार त्यांना बंद आहे. 'बंद आहे' म्हणजे नेमका कोण बंद करतो, या प्रश्नाचं उत्तर मात्र राज्याराज्यानुसार बदलेल.

पुढच्या दहा वर्षांत

लिंडसे निकालाच्या आधीच, सप्टेंबर २०१२ मध्ये, दहाव्या सर्किटमध्ये हसन यांच्याच प्रकरणात असाच निकाल लागला होता. कोलोरॅडोनं त्यांचं नाव नाकारलं होतं. घटनेनं ज्यांना पद घेण्यास मनाई केली आहे, अशांना मतपत्रिकेपासून दूर ठेवण्याचा राज्याला अधिकार आहे, असं छोटं निकालपत्र नील गोर्सच यांनी लिहिलं. तेच पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

राज्याला अधिकार आहे म्हटल्यावर तो किती ताणायचा? कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदाच केला, की प्राप्तिकराची विवरणपत्रं दिल्याशिवाय प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येणार नाही. रोख ट्रम्प यांच्यावर होता, हे सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. ओळख असलेल्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर येऊ द्यावीत, असं राज्यघटना सांगते, त्यात ही नवी अट घुसवता येणार नाही.

मग २०२३ चा डिसेंबर. बंडात सामील झालेल्याला पद नाही, या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या तरतुदीवरून कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी डोनाल्ड ट्रम्प यांना प्रायमरीतून बाद केलं. त्या निकालात गोर्सच यांचं हसन प्रकरणातलं वाक्य आधाराला घेतलं होतं. मेन राज्यात सेक्रेटरी ऑफ स्टेट शेना बेलोज यांनी स्वतःच्या अधिकारात तसाच निर्णय दिला. कॅलिफोर्नियाच्या नायब गव्हर्नर एलेनी कुनालाकिस यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट शर्ली वेबर यांना पत्र लिहून ट्रम्प यांना वगळण्याचे मार्ग तपासा म्हणून सांगितलं. वेबर यांनी २८ डिसेंबरला यादी जाहीर केली, तीत ट्रम्प यांचं नाव होतं. बोवेन यांच्या खुर्चीत बसलेल्या वेबर यांच्यासमोर यावेळी कबुली नव्हती. वाद होता, आणि तोही टोकाचा.

४ मार्च २०२४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कोलोरॅडोचा निकाल फिरवला. नऊच्या नऊ न्यायाधीशांचं यावर एकमत होतं, की संघराज्याच्या पदांसाठी, विशेषतः राष्ट्राध्यक्षपदासाठी, ही बंडाची तरतूद राज्यांनी आपापल्या पातळीवर लागू करायची नाही. राज्याराज्यांत वेगवेगळे निकाल लागून देशाच्या निवडणुकीच्या चिंधड्या होतील, ही काळजी तिथेही होतीच. पण वय, जन्म आणि वास्तव्य या मूळच्या तीन अटींबद्दल न्यायालयानं काही ठरवलं नाही. त्यामुळे लिंडसे आणि हसन प्रकरणांचे निकाल आपापल्या सर्किटांत उभे आहेत, आणि बाकीच्या राज्यांत ज्याचा त्याचा रिवाज.

दरम्यान संसदेनं २०२२ मध्ये मतमोजणीचा जुना, १८८७ चा कायदा बदलला. पूर्वी दोन्ही सभागृहांतल्या एकेका सदस्याच्या सहीनं आक्षेप घेता येत असे. आता प्रत्येक सभागृहातल्या एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. कीज निकालात पक्षांना ज्या आक्षेपाचा धाक दाखवला होता, तो आता आणखी अवघड झाला आहे.

५ जून २०१२ ची प्रायमरी लिंडसे यांच्याविना पार पडली. मतपत्रिकेवर तीन नावं होती, पहिले आले स्टुअर्ट अलेक्झांडर. पण या पक्षात प्रायमरीचा कौल बंधनकारक नसतो. ऑगस्टमधल्या अधिवेशनात पक्षानं उमेदवारी दिली ती प्रायमरीत नावही नसलेल्या विनोदी अभिनेत्री रोझॅन बार यांना. त्यांचं वय ५९. राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, हरकत आली नाही.

लिंडसे यांना पस्तिसावं वर्ष लागून ते पूर्णही झालं २०१९ मध्ये. २०२० ला त्या पात्र होत्या, पण उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या संघटनेची आणि कॅलिफोर्नियात पीस अँड फ्रीडम पार्टीची त्या वर्षीची उमेदवार होती ग्लोरिया ला रिव्हा. १९८४ मध्ये लॅरी होम्स यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या होत्या त्याच. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या, २०२० मध्ये सहासष्ट.